मोकळ्या हातांच्या बायका

आमच्या घरात एखादा दिवस भांडणावाचून गेला तर आय संध्याकाळी विचारायची, आज कोणाला ताप आलाय का. वेसाव्याच्या कोळीवाड्यात, खाडीच्या तोंडाशी आमचं घर होतं. पुढे ओटा, मागे बोंबील वाळत घालायचे बांबू, आणि मधे फळ्यांची भिंत घालून दोन केलेली एकच लांब खोली. भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे माझा पांडूकाका आणि त्याची बायको हिराकाकी. चूल मात्र दोघींची एकच, आमच्या बाजूला. फळ्यांना भेगा पडलेल्या होत्या, त्यामुळे पलीकडची प्रत्येक थप्पड अलीकडे ऐकू यायची आणि अलीकडची प्रत्येक शिवी पलीकडे. काका आमच्या होडीचा तांडेल. होडी त्याच्या हुकमाने चालायची आणि घरही तसंच चालावं अशी त्याची समजूत होती, जी काकीला कधीच मान्य झाली नाही. तो दोरखंडाचं टोक उचलायचा, ती कालवणाची पळी. एकदा तिने माशाचं उकळतं आंबट कालवण त्याच्या पायावर ओतलं. तो आठवडाभर लंगडत होडीवर गेला आणि गावभर सांगत फिरला की पाकट माशाने शेपटी मारली. हल्ली लोक असल्या भांडणात प्रेम शोधतात. मी शोधत नाही, कारण मी ते भेगेतून पाहिलं आहे. पण होडी यायला उशीर झाला की काकी तोंडात घास घालायची नाही, खाडीकडे तोंड करून ओट्यावर बसायची आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला उगाच शिव्या द्यायची, हेही मीच पाहिलं आहे.

मारणं हे आमच्याकडे रोजचं काम होतं. शाळेत गुरुजींनी फळ्यावर ‘मासेमारी’ असं लिहिलं तेव्हा त्या शब्दात मारणं आहे हे मला पहिल्यांदा दिसलं, आणि वर्गातल्या भटा-वाण्यांच्या पोरांना ते दिसत नाही याचं नवल वाटलं. किनाऱ्यावर मुशी, म्हणजे छोटा शार्क, यायची, जिवंत, तिच्या डोक्यात सोटा घालावा लागायचा आणि एका घावात ती कधीच मरायची नाही. चिंबोरीचे नांगे मोडताना होणारा आवाज मला अजून ओळखता येतो. उन्हाळ्यात मसाला कुटणाऱ्या बायका यायच्या, उखळाभोवती उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालायच्या, आणि सगळ्या आळीचे डोळे, नाकं लाल व्हायची. त्या मसाल्यातलं ताज्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी समोर आली की मात्र घरात एकदम शांतता पसरायची. आमची भांडणं जेवणाच्या आधी असत किंवा नंतर. जेवताना कोणी कोणावर हात उगारल्याचं मला आठवत नाही, कदाचित हात भरलेले असत म्हणून.

घरात न मारणारा माणूस एकच, माझे बाबा. ते मोठ्या मालवाहू बोटीवर खलाशी होते आणि वर्षातले बरेच महिने परमुलखात असत. घरी राहिले असते तर तेही शिकले असते, असं आय म्हणायची. त्यांनी होडी धाकट्या भावाच्या हवाली करून परदेशी बोट धरली, याचा काकाला आनंद आणि राग दोन्ही होता. बाबा येताना काहीबाही आणत. कधी साबण, कधी पत्र्याचा डबा, कधी लोकरीचा मफलर, जो वेसाव्याच्या उकाड्यात कोणी गुंडाळायचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एका खेपेला त्यांनी जुन्या फोटोंची एक चळत आणली. त्यांची बोट दुरुस्तीला म्हणून स्कॉटलंडातल्या एका समुद्रकाठच्या गावी अडकून पडली होती. तिथे एका म्हाताऱ्याच्या दुकानात बाबांच्या जन्माआधीच्या काळातले फोटो आणि पोस्टकार्डं ढिगाने पडलेली होती, कोणी कधी कोणाला न पाठवलेली, मागच्या बाजूला कोरी. म्हाताऱ्याला कळलं की हा माणूस मुळात मासे मारणारा आहे, तेव्हा त्याने मूठभर तशीच दिली. बाबा गावाचं नाव दर वेळी वेगळंच उच्चारत. कार्डांवर ते छापलेलं असणार, पण पुढे ती भिंतीवर चिकटवल्यावर झुरळांनी खळ खाल्ली आणि खळीबरोबर गावाचं नावही.

त्या दिवशी बाबांनी ती कार्डं आमच्या चटईवर पसरली आणि म्हणाले, “बग, हा पन कोलीवाराच हाय.” खरंच होतं ते. दगडी बंधाऱ्यावर फुटलेली लाट होती. तपकिरी शिडांच्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एका कार्डावर मोठ्या टोप्या घातलेल्या मडमा आणि साहेब किनाऱ्याने नुसतेच फिरत होते, आपल्या जुहूला फिरतात तसे, काम ना धाम. पण बाकीच्या कार्डांवर बायका होत्या. पाठीवर टोपली बांधून चाललेली एक, टोपलीच्या ओझ्याने पुढे वाकलेली. लांबलचक लाकडी कुंडापाशी उभ्या राहून मासे कापणाऱ्यांची अख्खी रांग, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, हातात सुऱ्या, पायापाशी पिंपं. आणि एक असं कार्ड की ते पाहून आय खांबाला धरून हसली. घागरा गुडघ्यापर्यंत खोचून एक बाई पाण्यात उतरली आहे, आणि तिच्या पाठीवर तिचा दाढीवाला नवरा, बूट घातलेला, होडीपर्यंत कोरड्या पायाने पोचवला जात असलेला. काका म्हणाला, ही खरी बायको. काकीने तिथल्या तिथे त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाली, चल, बस, नेते तुला, खोल पाण्यात सोडून येते.

आयला त्या कार्डांचं वेड लागलं. ती अंधेरीच्या बाजारापलीकडे कधी गेलेली नव्हती. बाबा बोटीवर परतल्यावर तिने भाताची घट्ट खळ केली आणि सगळी कार्डं फळ्यांच्या भिंतीवर चिकटवली, भेगा झाकल्या जातील अशा बेताने. मासे कापणाऱ्या बायकांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आहेत हे तिनेच आम्हाला दाखवलं. “मिठाने हात फाटतान,” ती म्हणाली, “आपल्यासारखेच.” बाजारातून येऊन टोपली उतरवली की ती आधी त्या रांगेसमोर उभी राहायची, जणू त्यांचा आज काय भाव लागला ते विचारायला. आळीतल्या बायकाही बघायला यायच्या. आणि अशाच एका दुपारी, सगळ्याजणी बघत असताना, काकीला ते दिसलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून समुद्राला देत. बांगड्या तू घे आणि माझा दादला मला ठेव, असा तो करार. त्यामुळे आमच्या लग्न झालेल्या बायकांचा उजवा हात मोकळा, आणि डाव्यात भरगच्च हिरवा चुडा. कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा गेला, हे लांबून डाव्या हातावरून कळायचं. दोन्ही हात मोकळे, म्हणजे समुद्राने करार मोडला.

“बाय,” काकी आयला म्हणाली, “यांचे हात बग. उजवा मोकला, ता समजला. डावा पन मोकला. एकीच्या पन हातान बांगरी नाय.”

“मडमा हायेत त्या. मडमा कुठं बांगरी घालतान?”

“मडम कवा मासली कापते काय? भाऊजीच बोलले, कोलीवारा हाय. या कोलनी हायेत. सगल्या रांडाव. दर्याने यांचे सगले दादले खाल्ले, म्हनून कुनीतरी फोटू काढून ठेवलाय.”

 जमलेल्या बायकांचं हसणं थांबलं आणि एकेक जण पदर सावरत निघून गेली. माझी नात म्हणते, आजी, तिकडे बांगड्या घालतच नाहीत ना कोणी. हो गं बाई, मला आता माहीत आहे. पण त्या दुपारी त्या भिंतीसमोर उभी असतीस तर तूही तशीच निघून गेली असतीस. त्या बायका मडमा असत्या तर त्यांचे हात कसेही असले तरी चाललं असतं. त्या आमच्यातल्या होत्या, तिथेच सगळी वाट लागली.

काकी कार्डं काढ म्हणायची, आय काढणार नाही म्हणायची. या एका गोष्टीवरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या मी पाहिल्या. दिवाळीनंतर काकीने आयच्या टोपलीतले पापलेट ओट्यावरून चिखलात फेकले. आयने तिला ओल्या जाळ्याने मारलं. आळीने मजा पाहिली. आय एरवी हट्टी बाई नव्हती, पण तिचा नवरा घरात नसायचा आणि त्याने दिलेली, काही उपयोगाची नसलेली अशी ती एकच वस्तू होती. ती तिने धरून ठेवली.

त्याच सुमाराला ट्रॉलर आले. मोठ्या इंजिनांच्या त्या बोटी समुद्रात खुंटांना बांधलेल्या आमच्या डोल जाळ्यांवरून सरळ जायच्या, जाळी तोडून, खुंट उपटून. आमची माणसं रिकाम्या हाताने परत यायची आणि तो राग घरी आणायची. फळ्यांपलीकडचे आवाज वाढले. एकदा एक ट्रॉलर खाडीच्या तोंडाशी गाळात रुतला. गावाने त्याच्यावरच्या माणसांना ओढून काढलं आणि वल्ह्यांनी मारलं. काका सगळ्यांच्या पुढे होता. मी शाळेतून येत होते. वाळूत रक्तात पडलेला एक दात मी पाहिला, आणि ज्याचा तो दात होता तो माणूस गुडघ्यांवर बसून “मैं तो खाना पकाता हूं” एवढंच म्हणत होता. काकाने त्याला आणखी एक लाथ घातली. मला काका आवडायचा. त्या दिवशी मला त्याची किळस आली, आणि रात्री त्याने आणलेली कोलंबी मी खाल्लीही.

मग एका सकाळी, उजाडल्यावर, चांगल्या उन्हात, ट्रॉलरवाल्यांनी आमच्या होडीवर बोट घातली. चुकून की मुद्दाम, हे पोलिसांच्या कागदावर एक लिहिलं गेलं आणि गावाने दुसरं मानलं. होडीचे दोन तुकडे झाले. बाकीच्यांना शेजारच्या होडीने उचललं. काका सापडला नाही. गावातल्या सगळ्या होड्या धंदा सोडून त्याला शोधत राहिल्या, पार मढच्या पलीकडेपर्यंत गेल्या. मिळालं ते वल्हं, आणि त्याची बसायची फळी.

काकी रडली नाही. ती ओट्यावर बसून राहिली, खाडीकडे तोंड करून, नेहमीसारखी. दिवसकार्याच्या सकाळी वाड्यातल्या जाणत्या बायका तिच्या डाव्या हातातला चुडा फोडायला आल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हातारीने तिचा हात हातात घेतला, तर काकीने तिच्या कानाखाली अशी दिली की म्हातारी भिंतीला जाऊन आपटली. “मयत दाखवा,” काकी म्हणाली. “मयत नाय तर मी रांडाव नाय.” मग ती वळली आणि तिला फळ्यांची भिंत दिसली. आम्ही अलीकडे उभे होतो, दार उघडं होतं. मोकळ्या हातांच्या त्या बायका रांगेने उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या.

तिने चुलीपाशी पडलेला कोयता उचलला आणि भिंत खरवडायला सुरुवात केली. कार्डांबरोबर लाकडाच्या ढलप्या निघत होत्या. आयने तिला मागून धरलं. दोघी चुलीवर पडल्या, भाताचं पातेलं उलटलं, आणि काकी वर आली तेव्हा तिच्या हातात कोयता नव्हता, पाट्यावरचा वरवंटा होता. “तू आनलंस यांना घरान,” ती म्हणाली. “तुजा दादला जिता आन माजा दर्यान. तुजे पन फुटू दे.” तिने आयचा डावा हात पाट्यावर दाबला आणि वरवंटा घातला. पुन्हा घातला. बांगड्या पहिल्याच घावात गेल्या होत्या. नंतरचे घाव हाडावर बसत होते आणि काचा मांसात जात होत्या. आयचं ओरडणं मी आधीही ऐकलं होतं, पण असं नाही. मी काकीच्या दंडाला चावले, तोंडात रक्त येईपर्यंत, आणि तिने मला झटकून टाकलं. ते चावल्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. शेवटी बायकांनीच तिला ओढून काढलं. ट्रॉलरवाला तिच्या हाताला लागणार नव्हता. माझी आय हाताशी होती.

हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या, पण मनगट वाकडं बसलं. हात बरा झाल्यावर कासाराला बोलावलं. त्याने आयचा तळवा तेल लावून चोळला, बोटं दुमडली, एकेक माप पाहिलं. मनगटाच्या वर आलेल्या हाडावरून कोणतीच बांगडी जाईना. मोठ्या मापाची चढली, तर हात खाली करताच गळून पडली. “राहू दे बाई,” तो म्हणाला आणि पेटी बंद करून निघून गेला. नवरा समुद्रावर, आणि बायकोचे दोन्ही हात मोकळे. वाड्यात कोणी तोंडावर बोललं नाही, पण पहाटे बाजाराला निघालेल्या बायका आय समोरून आली की रस्ता बदलू लागल्या.

ते महिने मला आठवतात ते आवाजांनी. पलीकडे काकीच्या चुड्याचा आवाज, भांडी घासताना, भाकरी थापताना, मुद्दाम केल्यासारखा. अलीकडे काहीच नाही. दोघी एकाच चुलीवर रांधत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. काकीने ठेवलेलं भांडं आय आपटून बाजूला करायची, आयने पेटवलेल्या जाळावर काकी पाणी शिंपडायची. आय मला मारायला लागली होती, उजव्या हाताने, क्षुल्लक गोष्टींवरून, आणि मारून झाल्यावर दाराबाहेर बघत राहायची. बाबा पत्र लिहिणारे नव्हते. दरवर्षी ज्या दिवसांत ते यायचे ते दिवस आले आणि गेले. आय आवडते बोंबीलही खाईनाशी झाली. एकदा मीच विचारलं, बाबा येतील ना. ती उठली आणि तांदळाच्या डब्यामागून एक कार्ड काढलं. त्या दिवशी सगळी फाटली होती, हे एक भिंतीवरून सुटून डब्यामागे पडलं होतं. नवऱ्याला पाठीवर घेतलेली ती बाई.

“हिचे हात बग,” आय म्हणाली.

मी पाहिलं. पाठीवरच्या माणसाचे पाय तिने दोन्ही हातांनी धरले होते. बाह्या वर सारलेल्या होत्या. दोन्ही हात मोकळे.

“आन दादला पाठीव हाय,” आय म्हणाली. “जिता. बूट घालून.”

इतके दिवस ते कार्ड भिंतीवर होतं आणि आम्ही सगळे त्याला हसत होतो. कोणी तिच्या हातांकडे पाहिलं नव्हतं. आयने ते परत डब्यामागे ठेवलं. त्यानंतर दिवसातून कितीतरी वेळा ती तांदळाच्या डब्यापाशी जायची, आणि भात तर आम्ही दोनदाच खायचो. ते कार्ड आता माझ्याकडे आहे. अंधेरीच्या या चौथ्या मजल्यावर मी भिंतीवर काही लावत नाही, ते कपाटात ठेवलं आहे.

बाबा आले ते जवळा वाळत घालायच्या दिवसांत, भर दुपारी, डोक्यावर ट्रंक घेऊन खाडीच्या कडेने चालत. बोट कुठल्याशा बंदरात संपामुळे अडकली होती, एवढंच कारण. काकी ओट्यावर जवळा निवडत होती. तिनेच त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ती उभी राहिली. आधी तिने त्यांच्या पाठीमागे पाहिलं, मागून आणखी कोणी येतंय का ते. मग ती ओट्यावरून उतरली. एरवी ती आपल्या थोरल्या दिराशी कधी मान वर करून बोललेली नव्हती. ती सरळ त्यांच्यापाशी गेली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला लागली. ट्रंक खाली पडली. बाबांना काही कळेना, पण त्यांनी हात वर केला नाही.

“ही मोकल्या हातान बसली,” काकी म्हणत होती, “आन तू आयलास. मी भरल्या हातान बसली. माजा नाय आयला. मी तिचे फोडले, तरी तू आयलास.”

आय दारात आली होती. तिने बाबांकडे पाहिलं, आणि तिथेच चौकटीला धरून उभी राहिली. बाबांची नजर तिच्या डाव्या हातावर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. कोणी काही बोलायच्या आत काकी तिच्या अंगाला घासून आत गेली आणि पाटा-वरवंटा घेऊन बाहेर आली. मी किंचाळले. मला वाटलं, पुन्हा. पण काकी उंबऱ्यावर बसली, पाटा पुढ्यात ठेवला आणि आपला डावा हात त्यावर टाकला. उजव्या हातात वरवंटा होता. नेम लागत नव्हता.

आय तिच्यासमोर खाली बसली. तिने पदराची घडी काकीच्या मनगटाखाली सरकवली आणि आपल्या वाकड्या हाताने तिचा हात घट्ट धरला. इतक्या महिन्यांत ती काकीशी पहिल्यांदाच बोलत होती.

“हलू मार,” ती म्हणाली. “हाडाव नको. माजा बग काय जाला.”

काकीने त्या मनगटाकडे पाहिलं. मग वरवंटा हळू खाली आणला.